खाली कोण?

१

हे आंघोळीला गेले की मी न्हाणीघराच्या दाराबाहेर पाट टाकून भाजी निवडायला बसायचे. घरात दुसरी जागा नव्हती असं नाही. पण ह्यांचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं की दाराला आतून कडी घालायची नाही आणि घरातलं कोणीतरी जवळपास असू द्यायचं. कडीचं ह्यांनी ऐकलं. मी बाहेरून हाका मारलेल्या मात्र त्यांना खपेनात. म्हणाले, "आंघोळ करतोय मी, विहिरीत उतरलेलो नाही."

मग तोडही त्यांनीच काढली. मी दारावर टकटक करायची आणि त्यांनी आतून तांब्या नळावर आपटायचा. एक ठोका म्हणजे 'मी आहे, थांबा.' आंघोळ उरकून बाहेर आले की चौकटीवर दोन ठोके. 'बाहेर आलो, चला.'

हा नियम त्यांच्या नोकरीतला. हे इंजिन ड्रायव्हर होते. लोको शेडमध्ये रुळांच्या मधोमध पुरुषभर खोल चर बांधलेला असतो, त्याला ते पिट म्हणतात. त्यात उतरून माणसं इंजिनाच्या पोटाखालचं काम करतात. वाफेच्या फुसकाऱ्यात खालच्या माणसाचा आवाज वर पोचत नाही, पण लोखंडावरचा ठोका पोचतो. म्हणून इंजिन हलवण्याआधी ड्रायव्हरने ओरडायचं, "खाली कोण?" आणि थांबायचं. उत्तर आलं नाही तर खाली कोणी नाही. दोन ठोके आले तर होतं ते माणूस बाहेर पडलं. एक ठोका आला तर जगबुडी झाली तरी इंजिन हलवायचं नाही.

ह्यांच्या उजव्या हाताचं एक बोट वाकत नाही. लहानपणी वन्संनी, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीने, रागारागाने दार लावलं त्यात ते सापडलं होतं. त्यामुळे ठोका दिला की तांब्या हातातून किंचित निसटायचा आणि नळाला घासायचा. टण्ण, आणि मागोमाग बारीक खर्र. ते खर्र ऐकू आलं की मी पुढची जुडी हातात घ्यायचे.

दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं त्या दिवशी मी देवासमोर एक बोलले होते. ह्यांनी हाती घेतलेलं शेडचं काम तडीस जाईपर्यंत, रोज ते परत येऊन उंबऱ्यातून आवाज देत नाहीत तोवर मी अन्नाला शिवणार नाही. माणसाने काही मागावं तर काही सोडावंही. मला ते व्रत कधी जड गेलं नाही. संध्याकाळी दारात "अगं, आलो" ऐकू आलं की भूक आपोआप लागायची.

२

शेड बांधायचं होतं ते जुन्या रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयात. तिथे एक वाफेचं इंजिन वर्षानुवर्षं उघड्यावर गंजत उभं होतं. ह्यांनी तरुणपणी चालवलेलं तेच. त्याच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून काही मंडळी आपणहून कामाला लागली होती, बहुतेक सगळी निवृत्त. बांधकामाचे नकाशे एका चित्रकलेच्या मास्तरांनी काढले होते. कानामागची पेन्सिल शोधण्यात त्यांचा निम्मा दिवस जायचा. लोखंडाचं काम फिटरभाऊंकडे. ते ह्यांच्याबरोबर उभी नोकरी काढलेले, खांद्याला खांदा लावून. वन्सं रंगकामाला यायच्या. हातात ब्रश आणि तोंडात चिमटे. मी दुपारी सगळ्यांचे डबे आणि चहाची किटली घेऊन जायचे.

"ड्रायव्हर, जेवून घे लवकर आणि घरी पळ," फिटरभाऊ रोज म्हणायचे. "तिकडे वहिनींना उपाशी ठेवलंयस. पाप लागेल."

"तिने स्वतःला ठेवलंय," हे म्हणायचे.

"दादा, तुझ्यासाठी कोणी उपाशी राहतं हेच नवल," वन्सं शिडीवरून बोलायच्या. "मी तर तुझ्यासाठी चहासुद्धा सोडला नसता."

खांबांसाठी खड्डे घेताना जमिनीखाली जुनं पिट सापडलं. चांगलं दगडी, एका टोकाला पायऱ्या असलेलं, काठोकाठ राखेने भरलेलं. कधीकाळी तिथे शेड होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी आणि का बुजवलं तेही नाही. मास्तर खूश झाले, आयतं बांधकाम मिळालं म्हणून. त्यांनी नकाशा खोडला आणि शेड त्याच पिटावर आणलं. राख उपसायला बरेच दिवस गेले. मी तळ पाहिला तो अगदी कोरडा होता. झाडून घेतलेल्या ओसरीसारखा.

खांब उभे राहिले, वर छपराच्या लोखंडी कैच्या चढल्या, पत्रे बसले. मागच्या भिंतीत एक लहान दार होतं. पिटाच्या पायऱ्या त्या दाराच्या अगदी जवळ. रूळ बाहेरून शेडकडे किंचित उतरते घातले होते. चाकांखालच्या पाचरी काढून हातब्रेक सैल केला की इंजिन स्वतःच्या वजनाने आत येणार. पहिल्यांदा ते करून बघायचं ठरलं त्या दिवशी मी किटली घेऊन भिंतीशी उभी होते.

हे इंजिनावर चढले. ब्रेकच्या चाकावर हात ठेवला, बाहेर डोकावले आणि सवयीने ओरडले, "खाली कोण?"

फिटरभाऊ हसले. "खाली कोण असणार, तुझा सासरा?"

आणि पिटातून एक ठोका आला.

३

लोखंडावर लोखंड. स्वच्छ, घाई नसलेला.

कोणी दचकलं वगैरे नाही. मास्तरांनी वर पत्र्याकडे पाहिलं. "ऊन उतरलं की पत्रा आकसतो," ते म्हणाले. सगळ्यांनी पिटाच्या काठावर उभं राहून आत पाहिलं. उतरायची गरजच नव्हती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दिसत होतं. दगड, थोडी राख, काही नाही.

हे पुन्हा वर चढले आणि पुन्हा ओरडले. पुन्हा एक ठोका.

"चल, सोड ब्रेक," फिटरभाऊ म्हणाले.

"नाही."

"अरे, डोळ्यांनी बघितलंस ना, खाली कोणी नाही म्हणून?"

"बघितलं," हे म्हणाले. "पण ठोका ऐकला."

ते खाली उतरले, हात पुसले आणि माझ्याकडून चहा घेतला. त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

मग हे रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी ऊन कलल्यावर. ऊन नसलेल्या दिवशीही. मास्तरांनी रुळांचे सांधे तपासले, फिटरभाऊंनी प्रत्येक बोल्ट आवळला. हे ओरडले की एक ठोका यायचा. दुसऱ्या कोणी ओरडलं तरी यायचा. नुसतं बसलं तर दिवसभर काही नाही. मी स्वतःची समजूत घालायचे की मोठ्या आवाजाने नवं लोखंड हादरत असेल. घरात मोठ्याने शिंक आली तरी फळीवरची भांडी वाजतात. देवाने माणसाला बुद्धी दिली ती अशाच वेळी वापरायला. पण एका गोष्टीवर बुद्धी अडायची. भांडी वाजतात ती एकाच वेळी, शिंकेबरोबर. हा ठोका जरासा थांबून यायचा. हाक ऐकून, ती आपल्यालाच आहे हे कळून, मग कोणी उत्तर द्यावं तसा.

संग्रहालयाच्या कारभाऱ्यांनी निरोप धाडला की उद्घाटनाची तारीख ठरली आहे, इंजिन तोवर आत गेलं नाही तर दुसऱ्या गावच्या बागेत पाठवू. त्यावरून वन्सं ह्यांच्यावर उखडल्या.

"दादा, आयुष्य गेलं तुझं या धुडापायी. आता तुझ्या हट्टामुळे मुलं त्याच्यावर घसरगुंडी खेळणार."

"खेळू देत," हे म्हणाले. "खाली माणूस असताना मी इंजिन हलवलेलं नाही आजवर."

"माणूस," वन्सं म्हणाल्या. "कुठाय माणूस?"

ह्यांच्या चेहऱ्याचा रंग मला बरा दिसला नाही. संध्याकाळी "अगं, आलो" म्हणाले तेही धाप लागल्यासारखं. मी जेवायला बसले, पण माझं लक्ष त्यांच्या श्वासाकडे होतं.

४

त्यानंतर एका सकाळी मी नेहमीसारखी पाटावर बसले होते. न्हाणीघराचं दार लोटलेलं. आत पाण्याचा आवाज नव्हता, म्हटलं अंगाला साबण लावत असतील. टकटक केलं.

एक ठोका आला.

मी देठ मोडायला घेतला आणि हात थांबला. ठोक्याच्या मागचं खर्र आलं नव्हतं. म्हटलं तांब्या डाव्या हातात असेल. पुन्हा टकटक केलं. जरासं थांबून पुन्हा एक ठोका. मोकळा, गोल, घंटेसारखा.

"कोणाला वाजवतेयस?"

हे माझ्या मागे उभे होते. खांद्यावर कोरडा पंचा. मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालून येत होते. ते अजून आत गेलेच नव्हते.

मला काही सांगावं लागलं नाही. दुसरा ठोका त्यांनीही ऐकला होता. त्यांनी दार ढकललं. फरशी कोरडी होती. बादली पालथी आणि तिच्यावर तांब्या उपडा. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, तो काही पडत नव्हता.

"नळात हवा धरते," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले. आत गेले नाहीत. चौकटीत हात टेकून बराच वेळ त्या तांब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कोणीतरी खाली राहून गेलंय गं. हाक मारली की तो ओ देतोय. आणि आपण वरून बघतो आणि निघून जातो."

"तुम्ही पिटात उतरायचं नाही," मी म्हटलं. "माझ्या व्रताची आण आहे तुम्हाला."

"बरं."

"माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, बरं. पण ज्या माणसाने जन्मभर एका ठोक्यावर इंजिनं थोपवली त्याचं ते 'बरं' किती दिवस टिकणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी देवाजवळ दिवा लावला आणि दोन गोष्टी मागितल्या. ह्यांना सुखरूप ठेव. आणि खाली जो कोणी आहे त्यालाही सोडव. दुसरी गोष्ट मी अगदी मनापासून मागितली होती. त्याचा विचार आता मनात येतो तेव्हा मी दुसऱ्या कामाला लागते.

५

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मला थोडा उशीर झाला. किटली घेऊन मी शेडच्या मागच्या दाराने आत आले, पायऱ्यांच्या बाजूने. आत सावली होती. पलीकडच्या उघड्या तोंडात इंजिन उभं होतं, उन्हात काळंभोर. त्याच्यावर आज फिटरभाऊ होते. मास्तर चाकापाशी पाचरीची दोरी धरून वाकलेले. वन्सं बाहेर पाटीवरची शेवटची अक्षरं रंगवत होत्या.

मी आत पाऊल टाकलं तेव्हाच फिटरभाऊ ओरडले, "खाली कोण?"

आणि जरासं थांबून ठोके आले. दोन.

मास्तरांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? दोन."

"आला बाहेर," फिटरभाऊ म्हणाले. "म्हटलं नव्हतं, एकदा उतरून बघून येऊ दे, समाधान होईल. काढा पाचर."

पाचर निघाली. ब्रेकचं चाक फिरलं. इंजिन आधी नुसतं कण्हलं आणि मग एवढा मोठा लोखंडी डोंगर आवाज न करता पुढे यायला लागला.

मी विचारलं, "हे कुठायत?"

"हातदिवा घेऊन पिटात गेले होते, आले ना आत्ता वर," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन ठोके दिले की."

मी पायऱ्यांपाशीच उभी होते. वर यायला दुसरी वाट नव्हती. कोणी वर आलं असतं तर माझ्या अंगावरूनच गेलं असतं.

किटली हातातून कधी पडली ते कळलं नाही. मी एवढंच ओरडत होते, "थांबवा, हे खाली आहेत, थांबवा." फिटरभाऊंनी चाकावर सगळं अंग टाकलं. ब्रेक किंचाळला. इंजिनाची पुढची चाकं पिटाच्या काठावरून आत आली होती तेव्हा ते थांबलं. सांडलेला चहा फरशीवरून वाहत पायरीशी गेला आणि थेंब थेंब खाली पडायला लागला.

"अहो," मी हाक मारली.

पिटात काही हललं नाही. मी पुन्हा हाक मारली. माझ्या पुढ्यात, अंधाऱ्या पायऱ्यांवर पावलं वाजली आणि हे वर आले. केसांत राख, भुवयांवर राख. डोळे मिचकावत, फार दिवसांनी उन्हात आल्यासारखे.

"आलो ना," ते म्हणाले. "एवढं ओरडायला काय झालं?"

आवाज त्यांचाच. मी त्यांचा हात धरला, तो ऊबदार होता. देवाचे किती आभार मानू असं मला झालं. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांचे दोन्ही हात मोकळे आहेत.

"दिवा कुठाय?" फिटरभाऊंनी वरून विचारलं. "माझा हातदिवा घेऊन गेला होतास ना?"

हे केसांतली राख झटकायला लागले. मी वाकून पिटात पाहिलं. पार त्या टोकाला, इंजिनाच्या सावलीत, दिवा होता. कमरेएवढ्या उंचीवर. तो हलत होता, चालत्या माणसाच्या हातातला दिवा हलतो तसा, मागे पुढे, मागे पुढे. पायऱ्यांच्या दिशेने येत होता. त्याच्या उजेडात सदऱ्याची एक बाही दिसली. की दगडावरचा डाग. मग तो उजेड जागच्या जागी थांबला.

आणि एक ठोका आला.

त्यामागे आणखी काही होतं का, ते मला ऐकू आलं नाही. वर फिटरभाऊंच्या मुठीत ब्रेकचं चाक किरकिरत होतं. ते ह्यांच्याकडे बघत होते. ठोका आला तरी 'सोड ब्रेक' म्हणणारे फिटरभाऊ, त्यांचा हात आता ब्रेकवरून सुटत नव्हता.

"ड्रायव्हर, ठोका आलाय," ते म्हणाले.

"पत्रा आकसतो," माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. "घे आत."

फिटरभाऊंनी थोडी वाट पाहिली. मग ब्रेक सोडला. इंजिन हळूहळू येऊन सगळ्या पिटावर झाकण घातल्यासारखं उभं राहिलं.

६

उद्घाटन थाटात झालं. इंजिन झळकत होतं, पाटीवरची अक्षरं सुबक आली होती, सगळ्यांनी ड्रायव्हरसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. पाहुण्यांनी पिटात जाऊ नये म्हणून पायऱ्यांपुढे साखळी लावली. मास्तरांनी पायऱ्यांच्या बाजूने, वरूनच आकडा टाकून दिवा बाहेर काढला. तो विझलेला होता, पण तेल काठोकाठ होतं. "कुठल्या तरी खुंटीला अडकला असेल आणि वाऱ्याने हलला असेल," ते मला म्हणाले. पिटाच्या भिंतीला खुंटी मी पाहिलेली नाही. पण मी वाकले होते, घाबरले होते. हलली असेल ती माझीच नजर.

घरी सगळं चांगलं चाललं आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय तरुणासारखं झालं. धाप नाही, रात्रीची घुसमट नाही. जेवण दुप्पट. वन्संनी माझे हात हातात घेतले. "वहिनी, तुझं व्रत फळलं. आता पोटभर जेव. दादापेक्षा तूच वाळलीयस."

मी बसले जेवायला. संध्याकाळी दारातून आवाज आला, "अगं, आलो." मी पान वाढून घेतलं, घास उचलला, आणि तो तोंडापर्यंत जाईना. वाढलेलं अन्न टाकायचं पाप नको म्हणून झाकून ठेवलं. तेव्हापासून मी दुधावर आहे.

कारण अगदी क्षुल्लक आहे. सकाळी मी पाटावर बसते आणि दारावर टकटक करते. आतून ठोका येतो. टण्ण. आणि पुढे काही नाही.

बोट सुटू शकतं. माणूस बरा झाला की आखडलेलं अंग मोकळं होतं, डॉक्टरांनीही तसं सांगितलं. मी एकदा जेवताना पाहिलं, सगळी बोटं सारखी वाकत होती. त्यांनी माझी नजर पाहिली आणि हात ताटाखाली घेतला. फार प्रेमाने हसले. ते फार प्रेमाने वागतात. त्यांच्यात मला खोट काढता येत नाही. फक्त शेडकडे फिरकत नाहीत. फिटरभाऊंनी बोलावलं तर म्हणतात, "तिथे काय आहे आता?"

७

म्हणून मी जाते. दुपारी पाहुणे जेवायला पांगतात तेव्हा इंजिनाभोवती कोणी नसतं. पहिल्या दिवशी साखळीपाशी वाकून मी हळूच विचारलं, अगदी न्हाणीघराच्या दाराशी विचारावं तसं, "खाली कोण?"

टण्ण. आणि मागोमाग बारीक खर्र.

मी घरी येऊन स्वतःला सगळं समजावलं. इंजिनाच्या वजनाने रूळ दबतात, दबलेला रूळ घासतो. पटलंही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ठोका पुन्हा तसाच. मग मी वन्संना घेऊन गेले. कशासाठी ते सांगितलं नाही, रंग उडालाय तो बघा म्हटलं. त्या बडबडत आल्या. मी वाकून विचारलं. ठोका आला, खर्र आलं.

वन्संच्या हातातला ब्रश खाली पडला. त्यांनी त्या बोटावर दार लावलं होतं. त्या बोटाने ओढलेली प्रत्येक पेन्सिल, निसटलेली प्रत्येक वाटी त्यांनी लहानपणापासून ऐकली होती.

"दादा," त्या पिटाकडे बघून म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या तोंडात चिमटा नव्हता. "वहिनी, मग घरी कोण आहे?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "तोही बिचारा फार दिवस खाली होता. त्याच्यासाठीही मीच मागणं घातलं होतं."

एवढ्या दिवसांत मी एकच गोष्ट नीट पाहिली आहे. खालून दोन ठोके आले ते एकदाच, हे खाली उतरले तेव्हा. एक खाली गेला की एक वर येतो. बाकी मला काही कळत नाही. पण जे कळलं तेवढं मला पुरे आहे, आणि त्यात आशेला जागा आहे. देवाने पायऱ्या बुजवल्या असत्या तर मी काय करणार होते?

उद्या दुपारी वन्संना मी शेडमध्ये बोलावलं आहे. हातात त्यांना एक तांब्या द्यायचा आहे, आमच्या न्हाणीघरातलाच. साखळी काढून मी खाली उतरेन तेव्हा त्यांनी पायऱ्यांपाशी उभं राहायचं, जागा सोडायची नाही. त्या बराच वेळ रडल्या. नको म्हणाल्या, मी उतरते म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, व्रत माझं आहे.

"आणि दोन ठोके आले तर?" त्यांनी विचारलं.

"आले तर जो वर येईल त्याच्या हातात आधी तांब्या द्या," मी म्हटलं. "रुळावर एक ठोका मारायला लावा. मागे खर्र आलं तर त्यांना घरी न्या आणि गरम पान वाढा. उतरले त्या सकाळपासून पोटात काही नसेल. आणि मग काठाशी येऊन मला एकदा विचारा, खाली कोण म्हणून. मी ओ देईन."